बाळ पडलं, हे लपवू नका



मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक चालू होती. हप्त्यांची बेरीज जुळत नव्हती, म्हणून सगळ्यांचं लक्ष वहीत. तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज आला आणि बाळ रडायला लागलं. नऊ वर्षांची बहीण दहा महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन आत आली. "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही, बसल्या बसल्या कलंडला." एका काकूंनी खोबरेल तेल मागवलं, दुसरीने टेंगूळ चोळायला घेतलं, तिसरी म्हणाली, साखर चाटवा. मी एमएसडब्ल्यू झालेली, पण मलाही काही सुचेना. (तसंही मी बाळांबद्दल बोलले की "ताई, तुला कुठे लेकरू आहे?" असं कोणीतरी म्हणतंच!)

संध्याकाळी बाळाला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तीन प्रश्न विचारले. कधी पडलं? किती उंचीवरून? पडल्यावर लगेच रडलं का? आईला एकाचंही नीट उत्तर देता येईना. मग त्या पोरीने रडत रडत सांगितलं, ओट्यावरून, खाली फरशीवर. मारतील म्हणून बोलली नव्हती. बाळाला रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं आणि सकाळी ते हसत घरी आलं. पण मधले पाच-सहा तास आपण त्याच्यावर लक्षच ठेवलं नव्हतं, हे माझ्या मनातून जात नाही.

नंतर मी डॉक्टरांना बसून सगळं विचारलं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, म्हणून ते डोक्यावरच आपटतं. कपाळावरचं टेंगूळ बघता बघता लिंबाएवढं होतं, कारण तिथे कातडीखाली रक्तवाहिन्या खूप असतात. म्हणून टेंगूळ किती मोठं यावरून मार किती ते कळत नाही. उलट डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ, पिळपिळीत सूज आली तर ती जास्त काळजीची.

बाळ पडलं की आधी त्याला जवळ घ्या, शांत करा, घड्याळ बघा. गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं टेंगळावर दहा-पंधरा मिनिटं हलकं धरा. बर्फ असेल तर कपड्यात गुंडाळूनच. चोळायचं नाही, तेल जिरवायचं नाही, बाळाला हलवून जागं करायचं नाही. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. पण हाड आत गेल्यासारखं वाटलं तर दाबू नका, नुसतं कापड ठेवा. घरातल्या मोठ्यांच्या गोळीचा तुकडा तर अजिबात देऊ नका.

पडल्यावर झोपू देऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. रडून दमलेलं बाळ झोपणारच, झोपू द्या. फक्त रात्री दोन-तीन तासांनी हलकेच उठवून बघा. चुळबुळ करतं, कुरकुरतं, अंगावर पितं, तर ठीक. उठवूनही उठत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही. एक दिवस-रात्र असं लक्ष हवंच.

आता हे जरा दोनदा वाचा. बाळ बेशुद्ध झालं, अगदी क्षणभर का होईना, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखं काही आलं, रडत नसतानाही टाळू फुगलेली दिसली, एक हात-पाय हलवत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात, दूध घेत नाही, किंवा रडणं काही केल्या थांबत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. गाडी मोफत येते. झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. उंचावरून पडून बेशुद्ध असेल तर मान हलवू नका. उलटी आली तर डोकं, मान, अंग एका रेषेत धरून सगळं एकदम वळवा.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल किंवा कमरेएवढ्या उंचीवरून पडलं असेल, तर काही दिसत नसलं तरी दाखवून या. वर्षाच्या आतल्या बाळाला डोक्याला मार लागला असेल तर त्याच दिवशी दाखवलेलं बरं.

आणि सासूबाईंनो, मावशींनो, तुम्हाला हात जोडून सांगते. बाळ पडलं की पहिला प्रश्न "तुझं लक्ष कुठे होतं?" हा नको. सूनबाई घाबरते, पोरगी खोटं बोलते आणि डॉक्टरांना हवी ती माहिती घरातच राहते. बाजेवर ठेवलेलं बाळ एका क्षणात पालथं होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाणी आणायला उठायचं असेल तर त्याला खाली सतरंजीवर ठेवा. झोळीची गाठ आणि दोरी रोज ओढून बघा, झोळी जमिनीपासून हातभरच वर बांधा.

त्या गटाने आता एक केलंय. बैठकीच्या दिवशी खोलीच्या कोपऱ्यात गोधडी अंथरतात आणि आळीपाळीने एक ताई मुलांजवळ बसते. तिची सही आधीच घेऊन ठेवतात. आणि हो, बेरीज त्या दिवशी शेवटी दहा रुपयांनी चुकलेलीच निघाली.