मांजरीचा माज : लक्षणे, गैरसमज व उपाय

शेतकऱ्याच्या घरी मांजर केवळ हौसेखातर पाळले जात नाही. कणगीतील धान्य व गोठ्यातील पेंड उंदरांपासून राखावी, हा त्यातील मुख्य हेतू असतो. गाय किंवा म्हैस माजावर आली की ते घरातील लहान मुलासही कळते. परंतु मांजरीचा माज ओळखणारी माणसे थोडी. या अज्ञानापायी निरोगी जनावर हकनाक दगावते आणि नको असलेल्या पिल्लांची संख्या वाढत जाते.

गेल्या फाल्गुनात एका गावी शिवारफेरीस गेलो असता एका शेतकऱ्याने आपली मांजरी कशी गेली ते सांगितले. दोन रात्री ती एकसारखी ओरडत होती व जमिनीवर लोळत होती. पोटात दुखत असावे असे समजून त्याने माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली. दुसऱ्या दिवशी मांजरीचे तोंड सुजले, हिरड्या काळपट पडल्या, धाप लागली व ती मेली. त्याने सांगितलेली आधीची लक्षणे ऐकता, तिला कसलाही आजार नसून ती माजावर आली होती असे दिसते. ही गोळी पचविण्याची शक्ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. म्हणून अल्प मात्राही त्यास विषासमान ठरते, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

माज केव्हा येतो?

मांजरी साधारणतः सहा महिन्यांची झाली म्हणजे प्रथम माजावर येते. काही मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही येतात. मांजरीचा माज दिवसमानावर अवलंबून असतो. हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला की त्यास जोर येतो. थंड प्रदेशात हिवाळ्यात तो थांबतो. आपल्याकडे दिवसमानात फारसा फरक पडत नसल्याने तो वर्षातील बहुतेक महिन्यांत दिसू शकतो.

एक माज सुमारे पाच ते सात दिवस टिकतो. बोक्याशी संयोग न झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा येतो. गाय व म्हैस यांत बीज ठराविक वेळी आपोआप सुटते. मांजरीत ते बहुधा संयोगानंतरच, एक-दोन दिवसांत सुटते. यामुळे गर्भधारणा सहसा चुकत नाही. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येऊ शकते.

लक्षणे

१. रात्रंदिवस लांब, आर्त स्वरात ओरडणे. यासच लोक ‘मांजर रडते’ म्हणतात व अपशकुन मानतात. वस्तुतः ती बोक्यास साद घालीत असते.
२. माणसांच्या पायांस, खांबांस व भिंतींस अंग घासणे, जमिनीवर लोळणे.
३. पाठीवरून हात फिरविताच पुढील अंग जमिनीस टेकविणे, मागील अंग उचलणे, शेपटी एका बाजूस करणे व मागचे पाय आळीपाळीने जागच्या जागी हलविणे. ही सर्वांत खात्रीची खूण होय.
४. खाणे कमी होणे, वारंवार लघवी करणे, घराबाहेर पळण्याची धडपड करणे.

कुत्रीप्रमाणे मांजरीस माजात रक्तस्राव दिसत नाही. असा स्राव किंवा पू दिसल्यास तो आजार समजावा.

माज की आजार?

शेतात झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवले असल्यास मांजर लोळताना पाहून विषबाधेची शंका येणे स्वाभाविक आहे. माजावरील मांजरीचे डोळे तरतरीत असतात. हाक मारताच ती जवळ येते व कुरवाळणे तिला आवडते. विषबाधेत उलट्या, लाळ गळणे, झटके व अशक्तपणा दिसतो. कुंथूनही लघवी न होणे, पोट फुगणे किंवा हात लावताच कळवळणे ही लक्षणेही माजाची नव्हेत. अशा वेळी जनावर विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. घरगुती औषधोपचार करू नयेत.

पिल्लांची वाढ व शेतकऱ्याचे नुकसान

वर्षातून दोन वेळा चार-चार पिल्ले झाली तरी एका मांजरीपासून आठ पिल्ले होतात. त्यांस पुरेसे खाद्य मिळत नाही. ती गोठ्यात व वैरणीवर वावरू लागतात. टोक्सोप्लाझ्मा नामक सूक्ष्म परजीवीची प्रथमच लागण झालेले मांजर, बहुधा कोवळ्या वयाचे, काही दिवस विष्ठेतून त्याची असंख्य अंडी टाकते. अशी वैरण खाल्ल्याने गाभण शेळ्या-मेंढ्या गाभडतात. गर्भवती स्त्रियांसही या रोगाचा धोका असतो. त्यांनी मांजराची विष्ठा काढू नये. वैरण व पेंड झाकून ठेवावी.

माजाच्या काळात बोक्यांच्या मारामाऱ्या होतात व चाव्यातून रेबीज पसरण्याची भीती असते. मांजरास तीन महिन्यांच्या वयानंतर प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. माणसास मांजर चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्वरित आरोग्य केंद्र गाठावे.

उपाय

मांजरीस मारणे, कोंडून उपाशी ठेवणे किंवा तिच्यावर पाणी ओतणे व्यर्थ होय. त्याने माज थांबत नाही. माज दडपणाऱ्या गोळ्यांनी गर्भाशयात पू होण्याचा व स्तनांत गाठी येण्याचा संभव वाढतो. बीजांडकोश व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हाच कायमचा उपाय आहे. ती पहिल्या माजापूर्वी, सुमारे पाचव्या महिन्यात करून घेणे उत्तम. माज चालू असता रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. तेव्हा पशुवैद्याच्या सल्ल्याने काही दिवस थांबावे. व्यालेल्या मांजरीची शस्त्रक्रिया पिल्ले तोडून दूध आटल्यावर करावी. त्यानंतर सुमारे दहा दिवस जखम कोरडी राखावी व तिला चाटू देऊ नये.

‘शस्त्रक्रियेनंतर मांजर उंदीर धरीत नाही’ हा समज निराधार आहे. शिकारीचा माजाशी संबंध नाही. उलट रात्रीचे भटकणे थांबल्याने मांजरी कणगीपाशी अधिक राहते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील पाळीव मांजरींची यादी करावी व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून शस्त्रक्रिया व लसीकरण यांचा दिवस ठरवावा. रात्री मांजर ओरडू लागताच गोळी शोधण्याऐवजी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवून पाहावा, एवढी एक गोष्ट जरी घरोघरी पोहोचली, तरी पुष्कळ मांजरींचे प्राण वाचतील.