पक्षाघात-संशोधनातील सहभागी रुग्ण : निवड आणि पाठपुरावा
(हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात)

पक्षाघाताच्या रुग्णास स्नेहन, स्वेदन, मृदू विरेचन व बस्ती यांनी लाभ होतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तथापि हा अनुभव संशोधन म्हणून मांडण्याची वेळ आली की आपली नोंदवही अपुरी पडते. पहिल्या दिवसाची नोंद असते, सातव्या दिवसाची असते; पुढे बहुधा पान कोरे असते. या कोऱ्या पानाचा विचार येथे करावयाचा आहे.

जो रुग्ण पुन्हा आला नाही, त्यास आपण हिशेबातून वगळतो. तो बरा होऊन शेतावर गेला असेल, दुसरा झटका येऊन दगावला असेल, किंवा एस.टी.च्या भाड्याची सोय झाली नसेल. जे येत राहिले त्यांत बरे वाटणारेच अधिक असतात, आणि औषधाचा गुण प्रत्यक्षाहून मोठा दिसू लागतो. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत अनेक रुग्णांत काही सुधारणा आपोआपच होते. स्वभावोपरमाचा विचार आपणांस नवा नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसेल आणि दोन्ही गटांतील प्रत्येकाचे पुढे काय झाले हे ठाऊक नसेल, तर श्रेय औषधाचे की काळाचे, हे ठरविता येत नाही.

एवढा पाठपुरावा आपल्या देशात शक्य आहे काय? 'अटेंड' या चाचणीत भारतातील १४ रुग्णालयांतून १,२५० रुग्ण घेतले गेले आणि एका गटातील नातेवाइकांना घरी करावयाच्या पुनर्वसनाचे शिक्षण देण्यात आले. सहा महिन्यांनी १,२१२ जणांची स्थिती नोंदली गेली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो निराशाजनक होता : मृत किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच निघाले. परंतु इतक्या थोड्या रुग्णांचा माग सुटला, म्हणूनच हा नकार विश्वासार्ह ठरला. आपल्या किती लेखांतील होकार इतका विश्वासार्ह आहे?

रुग्ण कोठे शोधावा याविषयी गडचिरोलीचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते आणि त्यांतील बहुसंख्य घरीच. म्हणजे केवळ रुग्णालयाच्या यादीवरून निवड केली, तर आजाराचा मोठा भाग दृष्टीआड राहतो. हिंगोली जिल्ह्यातही पाच तालुक्यांतील अनेक रुग्ण तपासणीसाठी नांदेडला जातात आणि तेथून थेट गावी परततात. त्यांची पहिली भेट पुष्कळदा गावच्या वैद्याशी किंवा औषधविक्रेत्याशीच होते. (नव्याने झटका आलेल्या रुग्णास मात्र विनाविलंब रुग्णालयातच पाठवावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि रक्तस्राव आहे की अवरोध, हे सी.टी. स्कॅनवाचून कळत नाही.)

निवडताना साध्यासाध्यत्व लिहून ठेवावे. सुश्रुतांनी केवळ वातज पक्षाघात कृच्छ्रसाध्य, अन्य दोषांच्या संसर्गाने झालेला साध्य व क्षयजन्य असाध्य मानला आहे. एका गटात साध्य रुग्ण अधिक गेले, तर सारी तुलना फसवी होईल.

संमतीपत्र हा केवळ सहीचा कागद नव्हे. त्यात 'पक्षाघात' ऐवजी 'लकवा' असे लिहावे. तांड्यावरील रुग्णास गोरमाटीत समजावून सांगणारे कोणी असावे. वाचा गेलेला रुग्ण अनेकदा सारे समजत असतो. मुलाने अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असे नव्हे. निरक्षर रुग्णाच्या वेळी तटस्थ साक्षीदार हवा. 'सहभागी झाला नाहीत तरी उपचार चालूच राहतील' हे वाक्य आपण प्रत्येक वेळी उच्चारतो का, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. नीतिसमितीची मान्यता आणि भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीतील नोंद पहिल्या रुग्णाच्या आधीच व्हावयास हवी. प्रवासखर्च व सोबत्याची बुडालेली रोजंदारी देण्याची तरतूदही समितीकडून मंजूर करून घ्यावी. ती आमिष वाटेल इतकी मोठी नसावी.

औषधविक्रेते बंधूंनी चाचणीतील रुग्णास परस्पर दुसरे तेल वा काढा देऊ नये. दिल्यास तसे कळवावे. रुग्णाची लेखी परवानगी असेल तरच त्याची माहिती चिकित्सकास द्यावी.

या परवानगीचे महत्त्व आम्हांस उशिरा कळले. कळमनुरी भागातील एक गृहस्थ पाचव्या आठवड्यानंतर आले नाहीत, तेव्हा 'उपशय नाही, चिकित्सा सोडली' अशी नोंद आम्ही करून टाकली. पुढे जवळच्या औषधविक्रेत्याकडून सहज समजले की त्यांच्याकडे महानारायण तेलाची बाटली नियमित जातेच आहे. माघ महिना होता; सोबत येणारी सून हळद शिजविण्याच्या कामावर जाऊ लागली होती आणि त्यांना आणणारे कोणी उरले नव्हते. आम्ही घरी गेलो तो ते काठी टेकीत ओसरीवर चालत होते, परंतु नव्वदाव्या दिवसाची तपासणी केव्हाच टळली होती. तेव्हापासून पहिल्याच भेटीत आम्ही घरातील दोघांचे भ्रमणध्वनी क्रमांक, जवळच्या औषधालयाचे नाव, आणि हळद, सोयाबीन वा ऊसतोडीसाठी घर केव्हा रिकामे होते, हे विचारून लिहून ठेवतो.