घटक ६ : पायी प्रवासाचे लेखन – वाट, ओझे आणि दृष्टी

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• पायी प्रवासाचे वर्णन इतर प्रवासवर्णनांपेक्षा वेगळे कसे ठरते, हे सांगता येईल.
• वाट, ओझे आणि चालण्याचे कारण या तीन निकषांवर प्रवासलेखनाचे परीक्षण करता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या पायवाटेचे वर्णन स्वतः लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अनंत काणेकर, गंगाधर गाडगीळ आणि पु. ल. देशपांडे यांच्या प्रवासवर्णनांचा परिचय करून घेतला. बोटीने, आगगाडीने किंवा विमानाने केलेल्या प्रवासात एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतचे अंतर बहुधा गळून जाते आणि वर्णन मुक्कामाचे होते. चालणाऱ्याला मात्र मधले अंतर टाळता येत नाही. चढ, ऊन, तहान, पायाला आलेले फोड आणि वाटेत भेटणारी माणसे हाच त्याच्या लेखनाचा ऐवज असतो.

अलीकडे सॅक पाठीवर टाकून दूरदेशी पदभ्रमणाला जाणाऱ्या मराठी तरुणांची संख्या वाढली आहे. दक्षिण अमेरिका खंडही आता मराठी वाचकाला अगदी अनोळखी राहिलेला नाही. मीना प्रभू यांच्या ‘दक्षिणरंग’ने तो मराठीत आणला आहे. या घटकात आपण त्या खंडातील पेरू देशातील एका प्रसिद्ध पायवाटेचा विचार करणार आहोत. त्याआधी एका जुन्या मराठी प्रवासाकडे आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यातील एका रस्त्याकडे वळू.

६.२ विषय-विवेचन

पायी प्रवासाचे कोणतेही वर्णन वाचताना पुढील तीन प्रश्न विचारावेत :
(१) चालणारा का चालतो आहे?
(२) ही वाट कोणी घडवली?
(३) ओझे कोण वाहतो आहे?

६.२.१ चालण्याचे कारण : ‘माझा प्रवास’

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलते रामभट यांच्यासह उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले. घरी कर्ज आणि दारिद्र्य होते. उत्तरेत मोठा यज्ञ होणार असून तेथे चांगली दक्षिणा मिळेल, असे त्यांच्या कानावर आले होते. वाटेतच त्यांना उठावाची वार्ता लागली. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीतच होते. तेथील कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. अखेर गंगाजलाची कावड घेऊन ते गावी परतले आणि आईवडिलांना गंगास्नान घडवले. ही हकीकत त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहिली आणि १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी ती प्रसिद्ध केली.

गोडसे भटजी देश पाहण्यासाठी निघाले नव्हते. पोटासाठी निघाले होते. त्यामुळे धान्याचा भाव, रात्रीचा निवारा, वाटेवरचे भय आणि गाठीचा पैसा यांकडे त्यांचे बारीक लक्ष असते. राणीच्या वाड्याइतकेच महत्त्व त्यांच्या लेखनात रिकाम्या पोटाला मिळते. चालण्याचे कारण लेखकाच्या नजरेला वळण देते, ते असे.

याउलट गो. नी. दांडेकर यांचे चालणे स्वेच्छेचे आहे. परतवाड्यात जन्मलेल्या या लेखकाची नर्मदा परिक्रमा आणि गडकोटांवरील भटकंती श्रद्धेतून व ओढीतून झाली. त्यांच्या लेखनात वाट हीच आपलीशी होते. दोन्ही प्रकार श्रेष्ठ असू शकतात. मात्र आपण का चालतो आहोत, हे लेखकाने स्वतःशी स्पष्ट केलेले असले पाहिजे.

६.२.२ वाट आणि ओझे : पेरूमधील इंका मार्ग

अँडीज पर्वतात इंका साम्राज्याने बांधलेल्या रस्त्यांचे जाळे सुमारे ३०,००० किलोमीटरचे होते. ते आजच्या सहा देशांत पसरले असून २०१४ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. या साम्राज्यात घोडा नव्हता आणि वाहतुकीसाठी चाकही नव्हते. लामा हा प्राणी थोडे सामान वाहून नेई, पण माणसाला पाठीवर घेऊ शकत नसे. म्हणून हा रस्ता पावलांच्या मापाने घडला. उभ्या चढावर तेथे दगडी पायऱ्या आहेत. ठरावीक अंतरावर निवारे असत आणि निरोप्ये टप्प्याटप्प्याने धावत संदेश पोहोचवीत.

या जाळ्यातील एक छोटा भाग आज जगभरच्या पदभ्रमण करणाऱ्यांना ओढून घेतो. सुमारे ४३ किलोमीटरची ही वाट साधारणतः चार दिवसांत माचू पिच्चू या इंका नगरापाशी पोहोचते. तिच्यावरील सर्वांत उंच खिंड सुमारे ४,२०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या खिंडीत श्वास का कोंडतो, ते समजेल. स्थानिक क्वेचुआ भाषेतील तिच्या नावाचा अर्थ ‘मेलेल्या बाईची खिंड’ असा होतो.

या वाटेवर दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश मिळतो. त्यांतील पर्यटक सुमारे २०० असतात. उरलेले वाटाडे, स्वयंपाकी आणि ओझेवाले असतात. म्हणजे चालणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे दुसऱ्याच्या प्रवासासाठी चालतात. ओझेवाले बहुतेक डोंगरातल्या गावांतील क्वेचुआ शेतकरी असतात. तंबू, शेगडी, भांडी आणि अन्न पाठीवर घेऊन ते पर्यटकांच्या पुढे निघतात. पर्यटक मुक्कामी पोहोचतो तेव्हा तंबू उभा असतो. त्यांच्या पाठीवर बेसुमार ओझे लादले जाई, म्हणून २००१ साली पेरूने कायदा करून कमाल ओझे २० किलो ठरवले. तेव्हापासून वाटेच्या सुरुवातीला ओझ्याचे वजन होते.

आता प्रवासवर्णनाकडे या. ‘मी खिंड सर केली’ हे वाक्य खोटे नाही. पण त्या दिवशी तीच खिंड २० किलो पाठीवर घेऊन ओलांडणारा माणूस वर्णनात आला नाही, तर ते अपुरे राहते. येथे दयेची अपेक्षा नाही. निरीक्षणाची आहे. चांगला लेखक ओझेवाल्याला गावाचे नाव विचारतो आणि तो काय खातो, कोठे झोपतो, हे पाहतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) इंका मार्गावर पायऱ्या का आढळतात?
(आ) गोडसे भटजींच्या चालण्याचे कारण कोणते?

६.२.३ आपल्या दाराशी : पांढरकवड्याचा रस्ता

पदभ्रमणाचे लेखन करण्यासाठी अँडीज गाठावा लागत नाही. वर्ध्याकडून आदिलाबादकडे जाणारी वाट यवतमाळ जिल्ह्यातून जाते. मार्च १९५१ मध्ये विनोबा भावे हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी वर्धा परिसरातून पायी निघाले. संमेलनानंतर तेलंगणात चालत असताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे त्यांना भूदानाचे पहिले दान मिळाले. वाहनाने गेले असते, तर ते संमेलनाला लवकर पोहोचले असते. गावोगावच्या भूमिहीनांशी मात्र अशी गाठ पडली नसती.

पुढे नागपूर–हैदराबाद महामार्ग याच जिल्ह्यातील पांढरकवड्यावरून गेला. २०२० च्या टाळेबंदीत कामधंदा बंद पडलेले मजूर या महामार्गाने उत्तरेकडे चालत निघाले. त्यांच्याही पाठीवर पिशव्या होत्या, कडेवर मुले होती. त्यांच्यासाठी प्रवेशपत्र नव्हते, वजनकाटा नव्हता आणि मुक्कामाला तयार तंबूही नव्हता. वाटेवरच्या गावांतील अनेकांनी त्यांना पाणी आणि जेवण दिले. आपल्यापैकी काहींनी ते पाहिले असेल, काही स्वतःच चालले असतील. स्वेच्छेने उचललेली सॅक आणि नाइलाजाने उचललेली पिशवी यांतला फरक ज्याला कळतो, त्याच्या शब्दांना आपोआप वजन येते.

६.२.४ दोन उताऱ्यांची तुलना

पुढील दोन्ही उतारे या घटकासाठी रचलेले आहेत. त्यांत एकाच कोलाम पोडाकडे जाणाऱ्या वाटेचे वर्णन आहे.

उतारा अ : “निसर्गाच्या कुशीत वसलेले ते चिमुकले पोड पाहून मन प्रसन्न झाले. सभोवार हिरवागार साग, पक्ष्यांचा किलबिलाट आणि भोळीभाबडी माणसे! शहरी धकाधकीचा शीण कुठल्या कुठे पळाला.”

उतारा आ : “चढणीवर मी तीनदा थांबलो. माझ्या पुढे एक बाई डोक्यावर रेशनच्या तांदळाचे गाठोडे घेऊन चालली होती. ती एकदाही थांबली नाही. वर पोहोचल्यावर मी पाणी मागितले; तिने तांब्या भरून दिला. हातपंप टेकडीच्या पायथ्याशी, मी चढायला लागलो तिथे आहे, हे मला तांब्या रिकामा केल्यावर कळले.”

‘अ’मधील विशेषणे कोणत्याही गावाला लागू पडतील. ‘आ’मध्ये विशेषण जवळजवळ नाहीच, तरीही वाटेचा चढ, पाण्याची किंमत आणि लेखकाला वाटलेला संकोच हे तिन्ही वाचकापर्यंत पोहोचतात. वाट, ओझे आणि चालण्याचे कारण यांची दखल घेतल्यामुळे हे घडले आहे.

६.३ सारांश

पायी प्रवासाच्या लेखनात मधले अंतर महत्त्वाचे असते. चालण्याचे कारण लेखकाची दृष्टी ठरवते. वाटेला इतिहास असतो, आणि ओझे कोणीतरी वाहत असते; त्या माणसाची नोंद घेणे हे लेखकाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

६.४ पारिभाषिक शब्द

कावड : खांद्यावरील बांबूच्या दोन्ही टोकांना भार टांगून वाहून नेण्याचे साधन.
पदभ्रमण : पायी केलेली भटकंती.
पोड : कोलाम समाजाची वस्ती.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

(अ) घोडा व चाकाची वाहने नसल्याने हा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी बांधला गेला. म्हणून उभ्या चढावर पायऱ्या आहेत.
(आ) घरचे कर्ज व दारिद्र्य यांमुळे दक्षिणा मिळवण्यासाठी ते निघाले.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘चालण्याचे कारण लेखकाच्या नजरेला वळण देते.’ हे विधान दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
(२) उतारा ‘अ’ एकही विशेषण न वापरता पुन्हा लिहा.
(३) क्षेत्रीय कार्य : आपल्या गावाहून शेत, आठवडी बाजार किंवा शेजारचे गाव यांपैकी एका ठिकाणी किमान तीन किलोमीटर पायी जा. वाटेत ओझे घेऊन चालणाऱ्या एका व्यक्तीशी बोला आणि तिच्या संमतीने ३०० शब्दांत वर्णन लिहा. शक्य झाल्यास त्या वाटेवर तिचे ओझे थोडा वेळ स्वतः उचलून पाहा. लेखनाला बसण्यापूर्वी खांदा काय सांगतो, ते आधी टिपून ठेवा.