पीएच.डी.च्या अर्जाआधीचे एक वर्ष

नेटचा निकाल लागला, की जीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींच्या घरांतून दरवर्षी तेच तीन प्रश्न येतात: नेट निघाली नाही तर पेट देऊन, म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा देऊन, कुठे तरी नोंदणी होईल का; गाइड कोण मिळेल; आणि परदेशी जायचे तर जीआरई द्यावी लागते का. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट या भागांतील व्यापारी आणि नोकरदार कुटुंबांत या प्रश्नांची उत्तरे मोठ्या घाईने शोधली जातात. परंतु विद्यार्थ्याला नेमके कशाचे उत्तर शोधण्यात आयुष्याची पाच वर्षे घालवायची आहेत, हा चौथा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. ज्याच्याकडे त्याचे उत्तर नाही, त्याने या हंगामात अर्ज करू नये.

या घाईचे मूळ बारावीत आहे. जीवशास्त्र घेणाऱ्या बहुतेकांचे पहिले ध्येय वैद्यकीय प्रवेश हे असते. नीटचे एक-दोन प्रयत्न हुकले की बी.एस्सी., मग बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., आणि त्यानंतर नावापुढे ‘डॉ.’ लागण्याची राहून गेलेली इच्छा पीएच.डी.कडे वळवली जाते, आणि ती इच्छा पुष्कळदा विद्यार्थ्यापेक्षा पालकांची अधिक असते. अशा इच्छेवर प्रयोगशाळेतील पाच वर्षे निभत नाहीत, कारण तेथे अभ्यासक्रम संपलेला असतो, उत्तरपत्रिका तपासणारे कोणी नसते, आणि महिनोन्‌महिने प्रयोग फसत असताना पुन्हा टेबलाशी उभे राहण्याचे बळ केवळ विषयाच्या ओढीतून येते.

मार्गांची माहिती थोडक्यात सांगता येते. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, जीवविज्ञानाची प्रश्नपत्रिका २०० गुणांची असते आणि त्यातील निम्मे गुण ‘क’ भागाला असतात, जेथे पाठांतर निरुपयोगी ठरून प्रयोगाच्या निष्कर्षांचा अर्थ लावावा लागतो. वरच्या यादीत आलेल्यांना जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळते, जिचे विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये आहे. २०२४ पासून केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरवणारी वेगळी यादीही लागते, जिच्यातील गुण एक वर्षच ग्राह्य धरले जातात. बंगळूरची एनसीबीएस आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था जेजीईईबीआयएलएस या स्वतंत्र परीक्षेतून मुलाखतीला बोलावतात. अमेरिकेत एम.एस्सी.ची अट सहसा नसते, जीआरई बहुतेक जीवशास्त्र विभागांनी सोडून दिली आहे, अर्ज साधारणतः डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत घेतले जातात, आणि चांगल्या विभागात शुल्कमाफीसह विद्यावेतन मिळते, म्हणून ज्या पीएच.डी.साठी घर गहाण ठेवावे लागेल ती स्वीकारू नये. तिकडची परिस्थितीही स्थिर नाही, कारण २०२५ मध्ये संशोधनाचा सरकारी निधी आटू लागताच अमेरिकेतील काही विद्यापीठांनी जीववैद्यक शाखांतील जागा कमी केल्या, तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन वैद्यकीय शाखेने दिलेले प्रवेशही मागे घेतले.

गुलमंडीत साडी घेणारे गिऱ्हाईक कापड बोटांत धरून, दारापाशी उजेडात नेऊन पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. त्याच गिऱ्हाइकाच्या घरात मुलाचा गाइड मात्र ‘जागा रिकामी आहे’ एवढ्या निरोपावर ठरतो, आणि या निष्काळजीपणाची किंमत सर्वांत मोठी असते. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. म्हणून जागा कमी पडतात हे खरे, परंतु जागा मिळणे आणि मार्गदर्शन मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या प्रयोगशाळेतून गेल्या काही वर्षांत कोण बाहेर पडले, त्यांना किती वर्षे लागली, रसायनांचा खर्च कोण करते, गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, हे तेथील चालू विद्यार्थ्यांना समक्ष विचारावे, आणि ते उत्तर टाळू लागले तर तेच उत्तर समजावे.

या सर्वांवर जो उपाय जवळपास कोणीही सुचवत नाही, तो म्हणजे अर्जापूर्वी एक वर्ष प्रकल्प सहायक म्हणून काम करणे. सरकारी निधीतून चालणाऱ्या प्रकल्पांत ठरावीक मुदतीसाठी अशी पदे भरली जातात, त्यांना दरमहा मानधन असते, आणि अनेक पदांना नेटची अट नसते. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि आघारकर संशोधन संस्था यांच्या संकेतस्थळांवर या जाहिराती येतात, पण त्यांची मुदत लहान असल्याने पाहण्याची सवय ठेवावी लागते.

हे काम कसे असते, ते घराजवळच्या एका उदाहरणावरून समजेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंग आणि जैवविविधतेच्या अभ्यासाचे केंद्र आहे, ज्याला कॅनडाचे जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांचे नाव दिलेले आहे. सजीवाच्या पेशीतील एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून त्याची जात ओळखता येईल, अशी ही पद्धत हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. नाथसागर जलाशयातून आणलेल्या माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा, त्यातून डीएनए वेगळा करायचा, पीसीआर यंत्रात हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या, आणि त्या जेलवर, म्हणजे खळीसारख्या पातळ थरावर, विजेच्या प्रवाहाने धावू द्यायच्या. सर्व जुळून आले तर अतिनील प्रकाशात एक चकाकता पट्टा दिसतो. नवशिक्याला पहिले काही आठवडे पट्टा दिसतच नाही. कधी याहून वाईट घडते: तुलनेसाठी जिच्यात डीएनएऐवजी केवळ पाणी घातलेले असते, त्या नळीतही पट्टा उमटतो, याचा अर्थ कुठे तरी भेसळ झाली आहे आणि इतर नळ्यांतील सुंदर पट्ट्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. तेव्हा एकेक द्रावण बदलत, वही मागे चाळत दोष शोधावा लागतो. हा शोध ज्याला कंटाळवाणा न वाटता बेचैन करतो, त्याने पीएच.डी. करावी, ज्याला तो नकोसा झाला त्याचे एकच वर्ष गेले, पाच गेली नाहीत, आणि गुणवत्ता नियंत्रण, औषधनिर्मिती, न्यायवैद्यक, अध्यापन असे सन्मानाचे मार्ग त्याला मोकळे राहिले.

प्रश्न आधी आणि पदवी नंतर, हा क्रम जुनाच आहे. मालवणात १८८४ मध्ये जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना पश्चिम घाटातील नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला, तेव्हा ते अध्यापन करीत होते आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. ती त्यांना बर्लिनमध्ये १९१९ साली मिळाली. मराठवाड्यातही नाथसागर, गौताळा, अजिंठ्याचे डोंगर यांतील कीटक, मासे आणि सूक्ष्मजीव यांच्याविषयी विचारण्यासारखे पुष्कळ उरलेले असताना प्रत्येक अर्जात कर्करोगच लिहिला जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

पालकांचा प्रकल्प सहायकाच्या या वर्षाला विरोध दोन कारणांनी होतो. पहिले कारण ‘वर्ष वाया जाईल’ हे, जे खरे नाही: जेआरएफसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३० आहे आणि एम.एस्सी. साधारण तेविसाव्या वर्षी पूर्ण होते. दुसरे कारण मुलीचे लग्न, जे उघड बोलले जात नाही, पण निर्णय तेच घेते. महिलांना वयात ५ वर्षांची सवलत, पीएच.डी.च्या मुदतीत २ वर्षांची वाढ आणि २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा नियमांनी दिलेली आहे, तेव्हा अडथळा नियमांत नसून घरात आहे, हे पालकांनी मान्य करावे. स्थळाला सांगता यावे म्हणून मुलीची नोंदणी करून ठेवणे आणि लग्न ठरताच ती सोडायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि ज्या गरजू विद्यार्थ्याची जागा त्यात अडली त्याच्यावरही आहे. याच घाईतून, पैसे भरून शोधनिबंध छापून देणाऱ्यांकडे मुलांना पाठवणारे पालकही असतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की यूजीसीने २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, आणि अशा ठिकाणी छापलेले नाव पुढे पुसता येत नाही.

अर्जाची वेळ आली की गाइडला लिहिलेल्या पत्रातून हे वर्ष दिसते. ‘आपल्या प्रयोगशाळेत काम करण्याची इच्छा आहे’ हे एकच वाक्य साठ पत्त्यांवर पाठवणाऱ्याला उत्तर येत नाही. त्या प्राध्यापकाचा एक शोधनिबंध नीट वाचून, त्यातील एका आकृतीविषयी खरी शंका विचारणाऱ्या आणि स्वतः केलेल्या कामाच्या चार ओळी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर येण्याचा संभव बराच अधिक असतो. मुलाखतीतही समिती गुणपत्रिका बाजूला ठेवते आणि हातात खडू देऊन फळ्यावर प्रयोग मांडायला सांगते, आणि प्रयोग मांडून झाला की विचारते, की पाण्याच्या नळीत पट्टा दिसला तर तुम्ही पुढे काय कराल.