सेकंदाचा दहावा भाग

१ ला ३ ने भागले की ०.३३३... असे उत्तर येते आणि भागाकार कधी संपत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. वहीत आपण दोन-तीन स्थळांपर्यंत लिहून थांबतो. राहिलेला भाग क्षुल्लक म्हणून सोडून देतो. हा सोडलेला भाग एकदा फार महाग पडला.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या निवासावर कोसळले. २८ सैनिक ठार झाले. संरक्षणासाठी तेथे पेट्रियट ही यंत्रणा होती. पण तिने त्या स्कडचा वेधच घेतला नाही.

पेट्रियट म्हणजे एकच यंत्र नव्हे. रडार पाहते, संगणक हिशेब करतो, प्रक्षेपक क्षेपणास्त्र सोडतो. झेल घेणारा खेळाडू चेंडू आता जेथे आहे तेथे हात नेत नाही, तो जेथे येणार तेथे नेतो. संगणकही तसेच करतो. रडारला काही दिसले, की वेग व वेळ यांवरून ती वस्तू पुढे कोठे असेल हे तो काढतो आणि रडारला आकाशाचा तेवढाच तुकडा तपासायला लावतो. तेथे काही सापडले नाही, तर पहिले दिसणे हा भास होता असे समजून तो विषय सोडून देतो.

आता वेळ कशी मोजत ते पाहा. घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजी: १, २, ३... सेकंद हवे असल्यास त्या संख्येला १/१० ने गुणायचे. आपल्या दशमान पद्धतीत हे अगदी सोपे, ०.१ लिहिले की झाले. पण संगणक द्विमान पद्धतीने चालतो. तेथे बिंदूनंतरची स्थाने १/२, १/४, १/८, १/१६ अशी असतात. त्यांतून १/१० बनवायचा तर १/१६ + १/३२ + १/२५६ + १/५१२ + ... असे जोडतच राहावे लागते. म्हणजे ०.०००११००११००... हा आवर्ती अपूर्णांक! पेट्रियटच्या संगणकात संख्येसाठी २४ बिटांची जागा होती. पुढचे सारे कापले गेले आणि दर टिकटिकीमागे सुमारे ०.०००००००९५ सेकंद हरवला. शून्यांत गोंधळ होतो, म्हणून हा आकडा ९५ भागिले १,००,००,००,००० असाच लक्षात ठेवा.

त्या दिवशी यंत्रणा १०० तासांहून अधिक वेळ सतत चालू होती. १०० तासांत ३६,००,००० टिकटिकी होतात. गुणाकार करा: सुमारे ०.३४ सेकंद. स्कड एका सेकंदात सुमारे १,६७६ मीटर जाते. म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक फरक! रडार रिकाम्या आकाशात पाहत राहिले.

चाणाक्ष वाचक येथे विचारील, की दोन वेळांची वजाबाकीच करायची, तर दोन्हींतील सारखी चूक आपोआप उडून जाणार नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि खरी गोम येथेच आहे. स्कडसारख्या वेगवान क्षेपणास्त्रांसाठी आज्ञावलीत सुधारणा करताना, वेळेचे अधिक अचूक रूपांतर करणारा एक भाग घातला गेला. तो सुमारे सहा ठिकाणी हवा होता. सगळीकडे घातला गेला नाही. मग एक वेळ अचूक, दुसरी कापलेली! अर्धवट दुरुस्तीमुळे चुका एकमेकींना छेदेनाशा झाल्या. घड्याळ मात्र मुळीच बिघडलेले नव्हते.

मूळ योजना विमानांविरुद्ध होती. यंत्रणा जागा बदलत राहील आणि एका वेळी थोडेच तास चालेल, असे गृहीत होते. ८ तासांनंतर वेध सरकतो, हे इस्राएलने ११ फेब्रुवारीलाच कळवले होते. २१ तारखेला तुकड्यांना संदेशही गेला, की यंत्रणा 'फार वेळ' चालवू नये. फार वेळ म्हणजे किती तास, ते त्यात नव्हते. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, की घड्याळ शून्यावर येई. काम एक-दीड मिनिटाचे. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोचली २६ फेब्रुवारीस.

आता वहीत करून पाहा: घड्याळाने सेकंदाचा दहावा भाग न मोजता आठवा भाग मोजला असता, तर १०० तासांनंतर चूक किती झाली असती?