दर माणशी एक होन

प्रश्न : चेन्नईला फोर्ट सेंट जॉर्ज पाहिला. ज्याच्या नावाचं अमेरिकेत विद्यापीठ आहे तो एलिहू येल इथे गव्हर्नर होता आणि त्याच्या काळात इथून माणसं विकली जात, असं कळलं. अशी माणसं मुळातच निर्दय असतात, की अधिकार हाती आल्यावर तशी होतात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : येल 1672 मध्ये साधा कारकून म्हणून मद्रासला आला आणि 1687 मध्ये गव्हर्नर झाला. तेव्हा दुष्काळाने किनारपट्टीवर माणसं पोटासाठी स्वतःला आणि पोराबाळांना विकत होती. बंदरातून गुलाम फार जाऊ लागले, हे त्याच्या मंडळाच्याही लक्षात आलं. मग त्यांनी ठरवलं काय, तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गुलामामागे ईस्ट इंडिया कंपनीला एक होन, म्हणजे एक सोन्याचं नाणं, जकात! कुणाला चाबकाने मारा, असं त्या बैठकीत कुणी म्हटलं नाही. उपाशी माणूस जमेच्या बाजूला लिहिला गेला, एवढंच. मला हे चाबकापेक्षा भयंकर वाटतं, कारण असा ठराव करणाऱ्याला रात्री शांत झोप लागते. पुढच्याच वर्षी या व्यापारावर बंदी आली, तीही मुघल अंमलदारांच्या तक्रारींमुळे.

येल पुढे इंग्लंडला परतला. तिथलं एक चित्र आज येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तो कुटुंबीयांसोबत मेजाशी बसलाय, मागे त्याची नातवंडं खेळताहेत. शेजारी त्याच वयाचं एक मूल चाकरीला उभं आहे आणि त्याच्या गळ्यात कुलूप लावलेलं चांदीचं कडं आहे. चित्रकाराने ते लपवलेलं नाही. लपवावं असं कुणाला वाटलंच नसावं. खरा बिघाड इथे दिसतो. स्वतः शेकडो गुलाम बाळगणाऱ्या, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसननेही लिहून ठेवलं आहे की मालकाचा संताप त्याची मुलं पाहतात आणि तसंच वागायला शिकतात.

मग तो काळच तसा होता, असं म्हणायचं का? नाही. येल मद्रासमध्ये कारकुनी करत असतानाच, 1677 च्या कर्नाटक मोहिमेत, शिवाजी महाराजांनी डचांना कौल दिला. माझ्या अंमलात तुम्हाला स्त्री-पुरुष गुलाम विकत घेता येणार नाहीत आणि बाहेरही नेता येणार नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. मात्र त्या अभिमानात आपण पेशवाईतल्या कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विसरतो. व्यभिचाराचा आळ आलेल्या बायकांना पकडून सरकारनेच विकल्याच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत. शिक्षेतून उत्पन्न मिळू लागलं की आळ खरा की खोटा, हे तपासायची निकड कुणाला राहील?

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : निर्दय माणूस लागत नाही. ज्याला समोरचा 'नाही' म्हणूच शकत नाही, असा कुठलाही माणूस चालतो. आपल्याकडे 1843 च्या कायद्याने गुलामावरची मालकी कोर्टात चालेनाशी झाली, 1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. तरी त्यानंतरही चेन्नईजवळच्या रेड हिल्समधल्या भातगिरण्यांतून उचलीपायी, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांपायी, अडकलेली इरुळर आदिवासी कुटुंबं सोडवावी लागली. उचल आणि ती देणारा मुकादम हे शब्द आपल्या ऊसतोड कामगारांना समजावून सांगावे लागत नाहीत.