तक्रार येण्याआधी लिहून ठेवायचे धोरण

२०१० साली एका तक्रारीनंतर मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात वगळली गेली. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने ए. के. रामानुजन यांचा रामायण-परंपरांवरचा निबंध काढला. त्यावर मत देण्यासाठी नेमलेल्या चार तज्ज्ञांपैकी तिघे निबंधाच्या बाजूने असूनही. तेव्हा महाविद्यालयाने शैक्षणिक स्वातंत्र्याचे धोरण लिहायला बसताना आधी हेच ठरवावे, की तक्रार आली तर निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा.

मसुदा समितीत प्राचार्य, वेगवेगळ्या शाखांचे शिक्षक, ग्रंथपाल, विद्यार्थी आणि तासिका तत्त्वावरचा एक तरी प्राध्यापक हवाच. कायम शिक्षकाला निदान नोटीस मिळते, दाद मागता येते. तासिकावाल्याला पुढच्या सत्रात कोणी बोलावतच नाही, आणि कारणही सांगत नाही. शिकवलेल्या किंवा मांडलेल्या मतामुळे काम नाकारले जाणार नाही, हे वाक्य त्याच्यासाठी स्पष्ट लिहा.

मग आपल्या हातात काय आहे ते पाहा. संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते. तिथे खोटी आश्वासने नकोत. पण शिकवण्याची पद्धत, पूरक वाचन, ग्रंथखरेदी, पाहुणे वक्ते, प्रकल्पांचे विषय आणि वार्षिक अंक आपल्याकडेच असतात. स्वायत्त महाविद्यालयाने त्यात अभ्यासक्रमही धरावा. विद्यार्थी शिक्षकाशी असहमत झाला म्हणून त्याचे गुण कमी होऊ नयेत, हेही धोरणात यावे. उच्च शिक्षणातल्या शिक्षकांविषयीची युनेस्कोची १९९७ची शिफारस जरूर वाचा, मात्र कलमे आपल्या परिस्थितीतून लिहा.

आता मुख्य भाग. तक्रार लेखी, सहीनिशी हवी. कोणत्या पुस्तकातले कोणते पान, कोणत्या तासातले कोणते विधान, हे त्यात असावे. फोन किंवा फाटकावरचा जमाव म्हणजे तक्रार नव्हे. तिची प्रत शिक्षकाला मिळावी. विषयातल्या तिघांची समिती नेमा, त्यातला एक बाहेरचा. तिघांनीही पुस्तक अख्खे वाचावे, नुसता खटकलेला परिच्छेद नव्हे. अहवाल येईपर्यंत तास चालू राहील. तोवर शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस देता येणार नाही किंवा माफीनामा मागता येणार नाही. अहवालाची मुदत ठरवा, पंधरा कामकाजाचे दिवस पुरतात. निर्णयाची कारणे लेखी द्या. कोणी हिंसेची धमकी दिली, तर पोलिसांकडे जाणे ही संस्थेची जबाबदारी. शिक्षकाला एकटे पाडणे मला अक्षम्य वाटते.

मसुदा २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार असलेल्या महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवा, मंजूर झाल्यावर माहितीपुस्तिकेत छापा. त्याआधी एक काल्पनिक तक्रार घेऊन सगळ्यांनी मसुद्याप्रमाणे चालून पाहा: पहिला फोन कोण घेईल, वार्ताहरांशी कोण बोलेल, दुसऱ्या दिवशीचा तास कोण घेईल. ज्या प्रश्नाचे उत्तर मसुद्यात सापडणार नाही, त्याचे कलम त्याच बैठकीत लिहून घ्या.